प्लास्टिक पुनर्चक्रण उद्योगाची महाराष्ट्रातील जडणघडण : पिंपळगाव रेणुकाई परिसरातील शेतीप्लास्टिकच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
महाराष्ट्रातील प्लास्टिक पुनर्चक्रण उद्योग पर्यावरणविषयक जाणिवेतून नव्हे, तर कच्च्या मालाच्या टंचाईतून जन्मास आला. कचरा वेचणाऱ्या व निवडणाऱ्या हातांच्या श्रमावर तो वाढला. शासकीय नियमांनी त्याची दखल बऱ्याच उशिरा घेतली आणि तीही प्रामुख्याने शहरांच्या संदर्भात घेतली. परिणामी शेतीतील प्लास्टिकचा एक मोठा भाग या उद्योगाच्या कक्षेबाहेर राहिला. प्रस्तुत निबंधात या प्रक्रियेचा ऐतिहासिक आढावा घेऊन जालना जिल्ह्यातील मिरची उत्पादक परिसराच्या संदर्भात तिचा अन्वयार्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : पुनर्चक्रण, भंगार, वर्गीकरण, मल्चिंग पेपर, ठिबक सिंचन, जालना जिल्हा.

१. प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी परिचित आहे. हंगामात परिसरातील शेतकरी येथे मिरची आणतात आणि व्यापाऱ्यांमार्फत ती दूरच्या बाजारपेठांकडे रवाना होते. अलीकडच्या काळात या परिसरातील मिरचीच्या शेतीचे स्वरूप पालटले आहे. ठिबक सिंचनाच्या नळ्या, गादीवाफ्यांवर अंथरलेला चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, रोपवाटिकेतील ट्रे, शेडनेट, खताच्या विणलेल्या गोण्या आणि औषधांचे डबे ही सारी सामग्री प्लास्टिकची आहे. पाण्याची बचत, तणांचे नियंत्रण आणि उत्पादनातील वाढ हे या सामग्रीचे लाभ निर्विवाद आहेत. अवर्षणप्रवण मराठवाड्यात, विशेषतः २०१२-१३ च्या तीव्र दुष्काळाने जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्याचा अनुभव ताजा असताना, शेतकऱ्याने पाणी वाचविणाऱ्या साधनांकडे वळावे यात नवल नाही.

तथापि हंगाम संपल्यानंतर या प्लास्टिकचे काय होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला वजनावर विकत घेतो. मल्चिंग पेपर मात्र तो सहसा घेत नाही. हा पेपर बांधावर साचतो, पेटवून दिला जातो अथवा नांगरटीबरोबर मातीत मिसळतो. वास्तविक नळी आणि पेपर या दोन्ही वस्तू पॉलिथिलिन या एकाच कुळातील पदार्थाच्या आहेत. एकाच शेतातील, एकाच कुळातील या दोन वस्तूंपैकी एकीला बाजारात मूल्य असावे आणि दुसरीला नसावे, असे का घडते? या प्रश्नाचे उत्तर केवळ रसायनशास्त्रात सापडत नाही. ते या उद्योगाच्या इतिहासात शोधावे लागते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) महाराष्ट्रातील प्लास्टिक पुनर्चक्रण उद्योगाच्या उदयाची कारणे तपासणे.
२) या उद्योगातील वर्गीकरणाच्या श्रमाचे स्थान स्पष्ट करणे.
३) शासकीय नियमांचा उद्योगावरील परिणाम पाहणे.
४) शेतीप्लास्टिक या उद्योगाबाहेर का राहिले, याची मीमांसा करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ‘पुनर्चक्रण’ ही संज्ञा येथे टाकाऊ प्लास्टिकवर प्रक्रिया करून त्याचा पुन्हा दाणा तयार करणे व त्यापासून नवी वस्तू घडविणे या अर्थाने वापरली आहे.

३. टंचाईतून उद्योग

जुन्या वस्तूचा मोबदला देऊन ती परत घेण्याची रीत महाराष्ट्रात प्लास्टिकच्या आधीपासून रूढ होती. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, मोडीच्या भावाने तांब्या-पितळेची भांडी घेणारा कासार आणि रद्दीवाला ही आपल्या समाजजीवनातील परिचित माणसे होत. प्लास्टिक आले तेव्हा त्याला ही तयार व्यवस्था लाभली. फुटकी बादली किंवा तुटकी चप्पल देऊन बदल्यात कांदे-लसूण घेण्याचा व्यवहार ग्रामीण भागातील अनेकांनी लहानपणी पाहिला असेल.

भारतात प्लास्टिकच्या कच्च्या मालाचे उत्पादन १९५७ मध्ये पॉलिस्टायरिनपासून सुरू झाले. ते मुंबईच्या पॉलिकेम या कंपनीने केले. १९५९ मध्ये बंगालमधील रिश्रा येथे पॉलिथिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६८ मध्ये ठाण्याजवळ नोसिलचा नाफ्था विघटन प्रकल्प कार्यान्वित झाला, तर बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्सची स्थापना १९६९ मध्ये झाली. असे असले तरी मागणीच्या मानाने उत्पादन अपुरे होते. आयातीवर परवान्यांचे निर्बंध व भारी जकात होती. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १९६७ पासून अस्तित्वात होती आणि पुढे तीत प्लास्टिकच्या अनेक घरगुती वस्तूंचा समावेश झाला. त्यामुळे बादल्या, मग, डबे व खेळणी तयार करणारे असंख्य छोटे कारखाने उभे राहिले, परंतु त्यांना नवा दाणा पुरेसा व परवडणाऱ्या दरात मिळत नव्हता. ही उणीव भंगारापासून तयार झालेल्या दाण्याने भरून काढली.

याच काळात शासनाची प्लास्टिकविषयीची चिंता वेगळ्या प्रकारची होती, हेही येथे लक्षात घेणे उचित ठरेल. १९८७ च्या ताग वेष्टन सामग्री कायद्याने काही मालासाठी तागाची गोणी सक्तीची केली. त्यामागे प्लास्टिकच्या कचऱ्याचा विचार नव्हता, तर ताग उत्पादक शेतकरी व गिरणी कामगार यांच्या संरक्षणाचा हेतू होता. कचरा हा धोरणाचा विषय होण्यास आणखी एक तप जावे लागले.

१९९१ नंतर चित्र पालटले. आयात खुली होत गेली, जकात कमी झाली आणि देशात पेट्रोरसायनांचे मोठे प्रकल्प उभे राहिले. नवा दाणा सहज उपलब्ध होऊ लागला. येथून पुढे पुनर्चक्रित दाण्याचा भाव नव्या दाण्याच्या, म्हणजे पर्यायाने खनिज तेलाच्या, भावाशी बांधला गेला. २००८ च्या उत्तरार्धात जागतिक मंदीमुळे तेलाचे भाव कोसळले, तेव्हा भंगाराचे भावही कोसळले आणि त्याची झळ सर्वांत खालच्या पायरीवरील कचरावेचकांना बसली. टंचाईत जन्मलेल्या उद्योगाला विपुलतेत टिकून राहण्याचा आधार मिळाला नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

४. वर्गीकरणाचे श्रम

मुंबईतील धारावीचा ‘तेरा कंपाउंड’ हा भाग या उद्योगाचे प्रातिनिधिक केंद्र मानला जातो. कचऱ्यातून व भंगार दुकानांतून आलेले प्लास्टिक येथे प्रथम निवडले जाते. नंतर त्याचे यंत्रावर तुकडे करतात, ते धुतात, पत्र्यांवर वाळवितात आणि शेवटी वितळवून त्यांचे तार व तारेचे दाणे करतात. या साखळीत यंत्राचा वाटा मर्यादित आहे. मालाची खरी किंमत ठरते ती निवडीच्या टप्प्यावर. वेगवेगळ्या जातींचे प्लास्टिक एकत्र वितळविल्यास ते एकजीव होत नाही आणि त्यापासून बनलेली वस्तू ठिसूळ निघते. म्हणून जात ओळखणे हेच या धंद्यातील मुख्य कौशल्य होय.

हे कौशल्य कोणत्याही विद्यालयात शिकविले जात नव्हते. कामगार प्लास्टिकचा तुकडा वाकवून पाहतो, त्याचा आवाज ऐकतो, टोक पेटवून धुराचा वास घेतो. पाण्यात टाकल्यास पॉलिथिलिन व पॉलिप्रॉपिलिन तरंगतात. पीव्हीसी, पेट व पॉलिस्टायरिन बुडतात. पदार्थाच्या घनतेवर आधारलेली ही परीक्षा शास्त्रशुद्ध आहे. वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ आकडे छापण्याची पद्धत अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये सुरू केली. आपल्याकडे तो आकडा येण्यापूर्वीपासून निवड करणाऱ्यांनी स्वतःची परीक्षापद्धती विकसित केली होती. मात्र त्यासाठी त्यांनी आपली फुप्फुसे पणाला लावली, हेही नमूद केले पाहिजे.

पुण्यात या श्रमाला संघटित रूप मिळाले. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणविषयक कार्यातून कचरावेचक स्त्रियांशी संपर्क निर्माण झाला आणि १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. या स्त्रिया बहुसंख्येने दलित समाजातील होत्या. आपण भीक मागत नाही, चोरी करीत नाही, तर शहराच्या उपयोगाचे काम करतो आणि म्हणून आपल्याला श्रमिक म्हणून मान्यता मिळावी, ही त्यांची भूमिका होती. पुणे महानगरपालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली व २००८ मध्ये तिने महानगरपालिकेशी करार करून घरोघरी कचरा संकलनाचे काम स्वीकारले. या घटनाक्रमाचे महत्त्व असे की, उकिरड्यावर निवडलेल्या मालापेक्षा दारातच वेगळा घेतलेला माल स्वच्छ असतो आणि त्याला अधिक भाव येतो. स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा लढा हाच पुनर्चक्रणाच्या गुणवत्तेचाही लढा ठरला.

५. नियमांचा प्रवास

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९९ मध्ये पुनर्चक्रित प्लास्टिकविषयी पहिले नियम आले. त्यांनी पिशव्यांची किमान जाडी २० मायक्रॉन ठरविली आणि पुनर्चक्रित पिशव्यांत खाद्यपदार्थ देण्यास मनाई केली. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर गटारे तुंबविणाऱ्या पिशव्यांकडे लक्ष वेधले गेले व २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले. २०११ च्या केंद्रीय नियमांनी किमान जाडी ४० मायक्रॉन केली. २०१६ च्या नियमांनी ती ५० मायक्रॉनवर नेली, ग्रामपंचायतींना जबाबदारीच्या कक्षेत आणले आणि उत्पादकाची विस्तारित जबाबदारी हे तत्त्व ठळकपणे मांडले. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या जबाबदारीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली.

या प्रवासातून दोन गोष्टी निदर्शनास येतात. पहिली अशी की, जाडीचा नियम वरकरणी तांत्रिक वाटला तरी त्याचा गाभा आर्थिक आहे. पातळ पिशवी वेचण्यास जितका वेळ लागतो, तितकाच जाड पिशवी वेचण्यास लागतो. परंतु एक किलो भरण्यासाठी पातळ पिशव्या कितीतरी अधिक वेचाव्या लागतात. जाडी वाढली की वेचणाऱ्याच्या तासाला दाम येतो. दुसरी गोष्ट अशी की, उत्पादकाच्या जबाबदारीची ही व्यवस्था वेष्टनांभोवती रचलेली आहे. बाटली, पुडी, पाकीट व पिशवी यांचा हिशेब तीत द्यावा लागतो. वाफ्यावर अंथरलेला पेपर हे वेष्टन नव्हे. तो शेतीचे साधन आहे. त्यामुळे तो तयार करणाऱ्यावर परत घेण्याचे बंधन येत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिक भंगारावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. एका हाताने प्रोत्साहन व दुसऱ्या हाताने भार, असा हा व्यवहार होता.

६. जालन्याचा लोखंडी दाखला

येथे जालना शहराचे उदाहरण उद्बोधक आहे. बियाणे उद्योगाप्रमाणेच पोलाद उद्योगानेही या शहराला ओळख दिली आहे. येथील भट्ट्यांमध्ये प्रामुख्याने भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. म्हणजे ‘पुनर्चक्रण’ हा शब्द न उच्चारता जालन्याने भंगारावर आधारित मोठा उद्योग उभा केला. मग ज्या जिल्ह्याला भंगाराच्या व्यापाराचा असा अनुभव आहे, तेथे प्लास्टिकचा तसा उद्योग सहज उभा राहावयास हवा होता, असे कोणी म्हणेल.

परंतु दोन्ही पदार्थांच्या गुणधर्मांत मूलभूत भेद आहे. लोखंड चुंबकाने वेगळे काढता येते. भट्टीच्या प्रचंड उष्णतेत त्याला चिकटलेली माती व रंग जळतात अथवा मळीच्या रूपाने वर येतात. लोखंड पुनःपुन्हा वितळविले तरी त्याचे लोखंडपण कायम राहते. याउलट प्लास्टिक तुलनेने कमी तापमानाला वितळते. त्यात माती राहिली तर ती दाण्यात उतरते व यंत्राची जाळी तुंबविते. शिवाय प्रत्येक वितळणीत प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात आणि ऊन लागलेला माल आधीच जीर्ण झालेला असतो. लोखंडाच्या बाबतीत जे काम भट्टी करते, ते प्लास्टिकच्या बाबतीत माणसाच्या हातांनी आणि पाण्याने करावे लागते. अवर्षणप्रवण जिल्ह्यात प्लास्टिक धुण्यासाठी पाणी मागणे, ही या उद्योगापुढील साधी परंतु निर्णायक अडचण आहे.

७. मिरचीच्या शेतातील हिशेब

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. मल्चिंग पेपर सर्वसाधारणपणे २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो. सुमारे चार फूट, म्हणजे १.२ मीटर रुंद व ४०० मीटर लांब असे त्याचे बंडल असते. २५ मायक्रॉन जाडी धरल्यास अशा एका बंडलाचे क्षेत्रफळ ४८० चौरस मीटर, घनफळ ०.०१२ घनमीटर आणि पॉलिथिलिनच्या घनतेनुसार वजन सुमारे ११ किलो भरते. दोन वाफ्यांमधील अंतर पाच फूट मानले, तर एकरी साडेसहा ते सात बंडले लागतात. म्हणजे एकरी सुमारे ७५ किलो प्लास्टिक एका हंगामासाठी जमिनीवर पसरले जाते.

हे ७५ किलो परत गोळा करावयाचे तर रोपे काढून, वाफ्याच्या कडांना मातीत दाबलेला पेपर हाताने उपटावा लागतो. हे काम बहुधा मजूर स्त्रिया करतात. उन्हाने जीर्ण झालेला पेपर ओढताच फाटतो. जो हाती येतो, त्याला माती व मुळे चिकटलेली असतात आणि त्याच्या वजनात प्लास्टिक किती व माती किती, हे सांगणे कठीण असते. भंगारवाला मातीचे पैसे देणार नाही आणि शेतकरी धुण्यासाठी पाणी देणार नाही. ठिबकची नळी मात्र जाड असते, अनेक हंगाम टिकते, गुंडाळून काढता येते आणि तिच्यावरील माती झटकली की निघते. दोन्ही वस्तूंचे कुळ एक असले तरी त्यांच्या वर्गीकरणाच्या व संकलनाच्या श्रमाचे मोल भिन्न आहे. नळी उद्योगात येते, पेपर बाहेर राहतो. पिशवीच्या बाबतीत नियमकर्त्यांनी जे ओळखले, ते शेतातील पेपरच्या बाबतीत ओळखले गेले नाही.

८. इतर देशांतील अनुभव

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. चीनमध्ये मल्चिंगचा वापर प्रचंड प्रमाणावर झाला आणि शिनजियांगसारख्या प्रदेशात मातीत साचलेल्या तुकड्यांना ‘पांढरे प्रदूषण’ हे नाव पडले. तेथील जुन्या मानकानुसार किमान जाडी केवळ ०.००८ मिलिमीटर होती. २०१७ च्या सुधारित मानकाने ती ०.०१० मिलिमीटर केली. पेपर परत उचलता यावा, हा त्यामागील हेतू होता. फ्रान्समध्ये २००१ मध्ये उत्पादक, विक्रेते व शेतकरी यांच्या सहभागातून ‘अदिव्हालोर’ ही संस्था स्थापन झाली. औषधांच्या रिकाम्या डब्यांपासून सुरुवात करून तिने पुढे शेतीतील इतर प्लास्टिकचेही संकलन हाती घेतले. दोन्ही उदाहरणांत प्रक्रियेच्या कारखान्याआधी वस्तूची जाडी व परतीची साखळी यांचा विचार झाला, ही बाब महत्त्वाची आहे.

आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने २०००-०१ पासून गावाच्या स्वच्छतेला लोकचळवळीचे रूप दिले. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यासाठी प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र उभारण्यास १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद करण्यात आली. परंतु या केंद्रांची कल्पना घरगुती कचऱ्यावर आधारलेली आहे. मिरची उत्पादक गावात कचऱ्याचे मोठे उगमस्थान घर नसून शेत आहे, हे नियोजनात उमटले पाहिजे.

९. निष्कर्ष व शिफारशी

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) महाराष्ट्रातील प्लास्टिक पुनर्चक्रण उद्योगाचा उदय कच्च्या मालाच्या टंचाईतून झाला. टंचाई ओसरल्यावर तो तेलाच्या भावावर अवलंबून राहिला.
२) या उद्योगाचा पाया यंत्र नसून वर्गीकरणाचे श्रम होत. ज्या वस्तूच्या वर्गीकरणाला व संकलनाला दाम मिळत नाही, ती पुनर्चक्रणयोग्य असूनही उद्योगाबाहेर राहते.
३) नियमांनी शहरातील पिशवीचा व वेष्टनांचा विचार केला, शेतातील पेपरचा पुरेसा विचार केला नाही.
४) जालन्याच्या पोलाद उद्योगाचा अनुभव व्यापाराच्या दृष्टीने मार्गदर्शक असला तरी प्लास्टिकला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही.

या अनुषंगाने काही सूचना कराव्याशा वाटतात. मल्चिंग पेपरची किमान जाडी तो परत उचलता येईल अशा बेताने ठरवावी. त्याच्या उत्पादकांना परतीच्या जबाबदारीच्या कक्षेत आणावे. शासकीय अनुदानाचा काही अंश वापरलेला पेपर जमा केल्यानंतर द्यावा. मिरचीच्या बाजारपेठेत माल घेऊन येणारी वाहने गावोगावहून येतच असतात. अशा बाजारपेठेच्या आवारात जुना पेपर व नळ्या वजनावर घेण्याची सोय केल्यास वाहतुकीचा वेगळा खर्च वाचेल. माती पाण्याविना झटकून काढणाऱ्या यंत्रांचे प्रयोग स्थानिक परिस्थितीत व्हावेत. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथील सिपेट आणि परिसरातील महाविद्यालये या कामी एकत्र येऊ शकतील.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननात सातवाहनकाळाचे थर उजेडात आले आणि त्या थरांतील वस्तूंवरून इतिहासकारांनी त्या काळच्या व्यापाराचे व जीवनाचे चित्र रेखाटले. आज त्याच तालुक्याच्या शेतांत दरवर्षी प्लास्टिकचा एक पातळ थर मातीत जात आहे. तो पुढील पिढ्यांच्या संशोधकांना सापडेल, यात शंका नाही. परंतु त्याआधी तो त्याच मातीत पीक घेणाऱ्या शेतकऱ्याच्या नांगराला सापडणार आहे. म्हणून हा प्रश्न आजच्या अभ्यासाचा व आजच्या कृतीचा विषय व्हावा, एवढीच अपेक्षा.